झोळीतली हार्ड डिस्क

माझ्या लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क जोडली की पहिली दोन मिनिटं ती दिसतच नाही. वायर काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. मग निळा दिवा लुकलुकतो, आत काहीतरी कुरकुरतं, आणि उपकार केल्यासारखं तिचं चित्र पडद्यावर उमटतं. त्या निळ्या दिव्यावर मी गेल्या वर्षी जेवढी चिडले तेवढी सासरच्या माणसांवरही कधी चिडले नसेन, आणि माझ्या सासरची माणसं काही गरीब गाय नव्हेत.

महाडला कोर्टाच्या बाजूला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर प्रतिज्ञापत्रं आणि सातबाऱ्याच्या प्रती. रेकॉर्डिंगचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते एका बँजो पार्टीमुळे. लग्नात वाजवणारी ती पार्टी मोडली, तेव्हा तिच्या मालकाने एक डबा, चार माइक आणि वायरींचं गाठोडं माझ्याकडे आणून टाकलं. डब्याची गंमत अशी की प्रत्येक माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये वेगळ्या पट्टीवर उतरतो. त्या पट्टीला ट्रॅक म्हणतात. चार माणसं एकदम गायली तरी नंतर एकेकाला बाजूला काढून ऐकता येतं. हे मला कळलं, त्याच क्षणी मला आई आठवली.

आई पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या बाजूला डोंगरात आमची वाडी आहे तिथे राहते. गौरीच्या फेरात गाणं सांगणारी ती. सांगणारी म्हणजे ओळ पहिल्यांदा उचलणारी. बाकीच्या बायका तीच ओळ झेलतात, म्हणजे परत म्हणतात, आणि त्या झेलत असताना सांगणारीने पुढची ओळ तयार ठेवायची. आमच्या वाडीचं एक मोठं गाणं आहे. गौरीच्या सणाला सासरहून माहेरी निघालेली बाई, तिच्या वाटेवरचा एकेक ओढा, एकेक झाड, एकेक घर, आणि तिथे तिला कोण काय विचारतं ते. अर्धा तास चालतं. ते पुरं फक्त आईला येतं असं सगळी वाडी म्हणते. मला त्यातली एकही ओळ येत नाही. मी महाडला मामाकडे राहून शिकले. सणाला घरी गेले आणि बायकांनी फेर धरला की मी पुस्तक घेऊन माळ्यावर जायची. मला त्या गाण्यांची लाज वाटायची, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मोबाइलवर घेतलेली त्या गाण्याची पाच-सहा रेकॉर्डिंगं माझ्याकडे होती. सगळ्यांत बायकांचा गलका आणि आई त्याच्या तळाशी कुठेतरी. मागच्या उन्हाळ्यात चहा पिऊन कप खाली ठेवल्यावर आई रुसली, अजून मला चहा का दिला नाहीस म्हणून. एकदा नाही, एकाच सकाळी दोनदा. महाडच्या डॉक्टरांनी तिला वार विचारला, नातवंडं किती ते विचारलं, आणि मग मला बाहेर बोलावून सांगितलं की हे हळूहळू वाढत जाईल, गेलेलं परत येणार नाही. मी दुकानात येऊन बसले आणि त्या गाठोड्याकडे बघत राहिले. मला आईचा आवाज वेगळा हवा होता. स्वच्छ आणि एकटीचा, दुसऱ्या कुणाचा श्वाससुद्धा त्यात नको. आणि तो गाणं तिच्या डोक्यातून जायच्या आत हवा होता.

लॅपटॉपच्या आतली जागा दुकानाच्या फायलींनी भरलेली, म्हणून बाहेरची डिस्क घेणं आलं. दुकानदाराने सांगितलं होतं, ताई, हिच्या आत चकती फिरते, बिनचकतीचीही मिळते पण ती मागवावी लागेल. मी म्हटलं हीच द्या. घाई माझ्या पाचवीलाच पुजलेली आहे.

श्रावणात आईला महाडला आणलं. खोलीची दारं-खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला, तिला खुर्चीवर बसवून तोंडासमोर माइक ठेवला. तिने माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गौर हाय का घरात?"

"अजून यायची आहे."

"मंग कुनापुढं गाऊ? त्या डब्यापुढं?"

फेराची गाणी गौर घरात असतानाच म्हणायची, एरवी नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण आईला गोडीगुलाबीने वळवता येईल असं वाटलं होतं. मी तास दीड तास डोकं फोडलं. ती ढिम्म. इतक्या वेळात डिस्क आपली आपण झोपी गेली, तिला उठवायला गेले तर लॅपटॉपच अडकून बसला. आई म्हणाली, चहा टाक. तिचा चहा झाला होता. मी परत टाकला.

म्हणजे राहिले गौरीचे दिवस. पहिल्या दिवशी तेरड्याची गौर घरात यायची, तिसऱ्या दिवशी जायची. पहिल्या दिवशी बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि तिसऱ्या दिवशी बोळवणीची घाई. हातात काय ती मधल्या दिवसाची दुपार. पोलादपूरपर्यंत एसटी आणि पुढे जीप असा प्रवास केला. डिस्क दोन साड्यांच्या मधे गुंडाळून पिशवी मांडीवर घेतली होती. जीपवाल्याने विचारलं, अंडी हायत काय? मी हो म्हटलं, कोण समजावत बसणार.

दुपारी जेवणं उरकल्यावर घरात डझनभर बायका जमल्या. एक माइक आईला, तीन बाकीच्यांना. मी सतरंजी घातली आणि सगळ्यांना बसायला सांगितलं, तर बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आईने बसून दोन ओळी म्हटल्या, गुडघ्यावर हात मारत, आणि थांबली. "पाय हालल्याबिगर नाय येत गो," ती म्हणाली. बरं, उभ्या राहा. फेर माइकच्या भोवती फिरेल तर वायरी पायांत येतील, म्हणून आईने एका जागी उभं राहून पाय मारायचे आणि बाकीच्यांनी तिन्ही बाजूंनी अर्धा फेर धरायचा असं ठरवलं. गाणं सुरू झालं. चौथ्या पावलाला सगळ्याजणी एकदम पाय आपटतात. पाय आपटले आणि रेकॉर्डिंग बंद पडलं.

डिस्क स्लो आहे, अशा अर्थाची एक इंग्रजी पाटी पडद्यावर. परत सुरू केलं. चौथं पाऊल, परत पाटी. डिस्क स्टुलावर होती, ती चुलीच्या ओट्यावर ठेवली, मग खिडकीत, मग उशीवर. उशीवर चार मिनिटं टिकली आणि नेमकी गाणं रंगात आल्यावर मेली. आमच्याकडे फोनला रेंज फक्त अंगणाच्या खालच्या पायरीवर येते. तिथे उभी राहून महाडच्या दुकानदाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, हादरा बसला की तिला वाटतं आपण पडतोय. मग ती सुई उचलून घेते आणि लिहायची थांबते. स्वतःला जपते ती." मी म्हटलं, तिला सांगा तुला आम्ही जपतो, तू लिही. तो हसला. मला हसू येत नव्हतं.

वर येऊन मी बायकांना विनंती केली की जरा हळू पाय मारा. आई उसळलीच. "गौरीपुढं चोरासारकं नाचायचं? तुजं तू बग. आमी नाचणार नाय तसं."

तेव्हा काकी पुढे आली. काकी म्हणजे माझी धाकटी चुलती, आईची जाऊ. एकाच घराचे दोन भाग, मधे एक दार. माझं आणि तिचं लहानपणापासून पटत नाही. ती मला 'शाणी' म्हणते आणि त्यात कौतुक नसतं. तिच्या नातीची झोळी वाशाला टांगलेली होती. नातीला तिच्या आईने कडेवर घेतलं होतं. काकी म्हणाली, "हिच्यात घाल तिला. एवडा नाच चालतो, पोर हिच्यात डोळा उघडत नाय." ते बरोबर होतं. जमीन हादरली तरी झोळी हादरत नाही. रिकामी झोळी हलवायची नाही म्हणून काकीने ती एका हाताने धरून ठेवली, आत टॉवेलची घडी घातली आणि डिस्क आडवी ठेवली. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी स्टुलावर बसले. वायर जेमतेम पोचली. काकी फेरात जाऊन उभी राहिली.

पाय आपटले. रेकॉर्डिंग चालू राहिलं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मी डोळे पडद्यावर लावून बसले होते, चारही पट्ट्या सरकत होत्या. विसाव्या मिनिटाला निळा दिवा गेला. वर पाहिलं तर झोळी झुलत होती. भिंतीला टेकून वाडीतली सगळ्यात म्हातारी आजी बसली होती, नाचायचं वय गेलेली. तिने झोळीची दोरी हातात घेतली होती आणि डोळे मिटून गाणं ऐकत ती शांतपणे झोका देत होती. झोक्यासरशी वायर निसटली होती. वीस मिनिटांची फाइल काही केल्या उघडेना.

"कशाला हलवलीत ती?" मी ओरडले. आजी घाबरली नाही. "कुरकुरत व्हती गो," ती म्हणाली, "म्हून वाईच हालवली."

बायका हसून हसून खाली बसल्या. मी कपाळावर हात मारून घेतला. आजीला पलीकडच्या भिंतीला नेऊन बसवलं, वायरीला चिकटपट्टी लावली आणि कानाला हेडफोन लावून आईच्या माइकची चाचणी घेतली. आईच्या आवाजाच्या पाठोपाठ काहीतरी फुसफुस येत होती. बघते तर काकी आईच्या खांद्याला खांदा लावून उभी.

"काकी, तू तिकडच्या माइकला जा. आईच्या माइकमध्ये तुझा आवाज येतोय."

"मी हितंच बरी."

तीनदा सांगितलं. तीनदा तेच उत्तर. मग माझा तोल गेला. "तुला प्रत्येक ठिकाणी मधे यायलाच हवं का?" मी म्हटलं, सगळ्यांसमोर.  काकी पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली. जाताना तिने आईकडे एकदा वळून पाहिलं. मला वाटलं, चुगली करणारी नजर आहे.

गाणं सुरू झालं. पाच मिनिटं झाली असतील. बायकांनी ओळ झेलली आणि आईने पुढची उचलली नाही. बायकांनी तीच ओळ परत म्हटली. परत म्हटली. पाय चालू, ओळ तीच, आणि सगळ्यांचे डोळे आईवर. आई आपल्या पायांकडे बघत होती. मग ती एकदम थांबली आणि माझ्यावर कडाडली.

"तुज्या त्या डब्यानं घाण केली. त्या वायरी बगून माजं ध्यान जातं."

"मशीनच वायट हाय," एक बाई लगेच म्हणाली. "मगापासून खोड काढतंय," दुसरी म्हणाली. सगळ्यांचं एकमत झालं. निळा दिवा लुकलुकताना मीही पाहिला होता, मला तेवढं पुरेसं होतं. डिस्कने आणखी काहीतरी केलं असणार. मी सगळं बंद केलं, वायर दुसऱ्या भोकात घातली, फुंकरी मारल्या, हार्ड डिस्कला मनातल्या मनात घाणेरड्या शिव्या दिल्या. ती दिसायला दोन मिनिटं लागली. मान वर केली तेव्हा काकी परत आईच्या शेजारी येऊन उभी होती. माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. उन्हं कलायला आली होती, बायकांना घरी दिवाबत्ती होती. म्हटलं, राहू दे, थोडा आवाज आला तर आला.

त्या वेळी गाणं सुरू झालं ते थेट शेवटपर्यंत गेलं. अर्धा तास, न अडखळता. पहिल्या ओढ्यापासून माहेरच्या उंबऱ्यापर्यंत. मी हेडफोन काढून ठेवले, कारण मला ते माझ्या कानांनी ऐकायचं होतं. आईच्या चेहऱ्यावर घाम होता, पाय पडत होते, ओळीमागून ओळ येत होती. झोळीत ती कुरकुरी बया मुकाट लिहीत होती. मला रडू आलं. डॉक्टर काहीही म्हणोत, आईचं गाणं शाबूत आहे, आणि ते आता माझ्याकडे आहे, असं मला वाटलं. आयुष्यात फार कमी वेळा मी एवढी खूश झाले आहे.

गौर गेल्यावर महाडला परत आले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि डिस्क लावली. या वेळी पहिल्याच फटक्यात दिसली. बाकीचे तीन ट्रॅक बंद केले आणि आईचा एकटीचा चालू केला.

पहिल्या चार ओळी आईच्या. भरदार, जशी ती मला लहानपणी माळ्यावर ऐकू यायची तशी. चौथी ओळ बायका झेलत होत्या, त्या आता लांबून ऐकू येत होत्या, आणि त्या लांबच्या गलक्याच्या पुढे, अगदी माइकजवळ, आईचा बोलण्याचा आवाज आला.

"मंग?"

"वड्याकाठी जांबूळ," काकीने कुजबुजत सांगितलं.

आणि आईने खणखणीत आवाजात ओढ्याकाठची जांभूळ उचलली. बायका झेलायला लागल्या. "मंग?" काकीने सांगितलं. आईने म्हटलं. "मंग?" काकीने सांगितलं. अर्धा तास. प्रत्येक ओढा, प्रत्येक झाड, प्रत्येक घर काकीने आईच्या कानात टाकलं होतं, बायका ओळ झेलेपर्यंतच्या तेवढ्याशा वेळात, आणि एकदाही चुकली नव्हती. एकदा आई चुकीचीच ओळ म्हणायला गेली तर काकीने हलकेच "अंहं" केलं, तेही आलं होतं. गाणं पुरं येत होतं ते काकीला.

मग मी त्याआधीची, बंद पडलेली फाइल शोधली.  ती फाइल मोडलेली नव्हती. डिस्कने काहीच खोड काढली नव्हती. मी स्वतः बंद करेपर्यंत ती इमानाने लिहीत होती. आईचा ट्रॅक एकटा लावला. पाच मिनिटं गाणं, मग लांबून बायकांची ओळ, परत तीच ओळ, परत तीच. जवळ आईची पावलं, तिचा धापा टाकणारा श्वास, आणि अगदी हळू, ओठातल्या ओठात, "काय गो पुढं? काय गो पुढं?" तिच्या शेजारी कुणी नव्हतं. मीच हाकललं होतं.

मी काकीला फोन लावला. रेंज नव्हती. अर्ध्या तासाने तिचाच आला, खालच्या पायरीवर येऊन केलेला.

"कधीपासून?" मी विचारलं. ती काय ते समजली.

"दोन गौरी झाल्या. पयल्यांदा अडली तवा मी हळूच सांगितलं, तिनं उचललं. मंग तसंच चालू ऱ्हायलं."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"वाडीला म्हाईत हाय. म्हून काय झालं? सांगनारी तीच."

"मला कुणी का नाही सांगितलं?"

"तू इचारलंस कवा?"

मला राग आला. तिचा, वाडीचा, आईचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, काकी, यातून तुझा आवाज काढता येतो. कॉम्प्युटरवर एकेक जागा निवडून कापता येते. आईचं 'मंग' पण जाईल. मग फक्त आई राहील, सलग गाणारी, कुणाला कळणारसुद्धा नाही.  माझ्या मागे कुणीतरी शटर वाजवत होतं.

"नको कापू," ती म्हणाली. "उद्या तिलाच आयकवशील ना? ती बी म्हनंल त्याच्यासंगं. तवा तिला पुढचं कोन सांगल?"

मी माउसवरचा हात काढला. मला आईचा आवाज एकटीचा हवा होता, दुसऱ्या कुणाचा श्वाससुद्धा नसलेला. तसा तो मला मिळाला होता. त्या पाच मिनिटांच्या फाइलीच्या शेवटी, बायका तीच ओळ परत परत म्हणत असताना. ती फाइल मी पुन्हा उघडलेली नाही, आणि पुसूनही टाकलेली नाही.